इंग्लंडमधली पार्किंगची नोटीस आणि आमची हरकत

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सचिवांनी मला विषय दिला होता 'परदेशातील माझे अनुभव'. खरं सांगायचं तर या विषयावर समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. प्रत्येक विंगमध्ये कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी, कुणाची भाची परदेशात आहे. लंडनचं मोठं घड्याळ आणि राजवाड्यासमोरचा पहारा तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे, निदान मोबाईलवर तरी. म्हणून मी प्रवासवर्णन सांगणार नाही. मी सांगणार आहे एका कागदाबद्दल. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला कागदाबद्दल बोलायला जास्त बरं वाटतं.

हा कागद म्हणजे पार्किंगची नोटीस. तिथे तिला 'पेनल्टी चार्ज नोटीस' म्हणतात, थोडक्यात पीसीएन. ती देते तिथली कौन्सिल, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था. पूर्वी हे काम पोलिसांच्या अखत्यारीत होतं. लंडनच्या मेफेअर भागात १९५८ साली पहिले पार्किंग मीटर बसले आणि १९६० साली ट्रॅफिक वॉर्डन रस्त्यावर आले. त्यांनी ज्या गाडीवर पहिली पावती लावली, ती निघाली एका डॉक्टरची! हॉटेलात कुणाला हृदयविकाराचा झटका आला होता, त्याला बघायला डॉक्टर आत गेले होते. बाहेर येऊन बघतात तर काचेवर दोन पौंडांचा दंड. लोकांनी एवढा गहजब केला, की शेवटी तो दंड माफ करावा लागला. म्हणजे पार्किंगच्या पावतीइतकीच तिच्यावरची तक्रारही जुनी आहे.

१९९१ च्या कायद्याने कौन्सिलांना ही वसुली स्वतःकडे घेण्याची वाट मोकळी झाली आणि २००४ च्या कायद्याने आजची पद्धत बसली. जिथे कौन्सिलने हे काम घेतलं आहे तिथे चुकीचं पार्किंग हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, ते दिवाणी स्वरूपाचं देणं झालं. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, कारण आमच्या घरातलं निम्मं भांडण याच मुद्द्यावर झालं.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं चिरंजीवांकडे सहा महिने होतो. गाव मध्यम आकाराचं, लंडनपासून लांब. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. एके दिवशी सूनबाई नातवाला शाळेचे बूट घ्यायला घेऊन गेली, बरोबर आमच्या सौ.ही होत्या. गाडी लावली कौन्सिलच्या वाहनतळात. तिथे यंत्रात नाणी टाकायची, चिठ्ठी येते, ती गाडीत काचेमागे दिसेल अशी ठेवायची. सूनबाईने एक तासाची चिठ्ठी घेतली, ११.४० ते १२.४०. आता सहा वर्षांच्या मुलाला बूट घेणं हे एका तासाचं काम आहे का, हे तुम्हीच सांगा. ती परत आली तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं राहिली होती आणि काचेवर पिवळी प्लॅस्टिकची पिशवी चिकटवलेली. आत नोटीस. पैसे भरलेली वेळ संपल्यानंतर गाडी उभी ठेवल्याबद्दल दंड ५० पौंड. चौदा दिवसांत भरला तर निम्मा, २५ पौंड. म्हणजे आपले साधारण अडीच हजार रुपये.

आपल्याकडे टोइंगची गाडी येते, पोरं उतरतात, स्कूटर उचलतात आणि आपण मागे धावत 'अहो साहेब, अहो साहेब' करत जातो. तिथे तसं काही नाही. कुणी ओरडत नाही, कुणी गाडी उचलत नाही. एक कागद असतो, त्यावर सगळं छापलेलं असतं आणि शेवटी हेही छापलेलं असतं की तुम्हाला हरकत घ्यायची असेल तर कुठे आणि किती दिवसांत घ्यायची. गंमत अशी, की पैसे कुठे भरायचे हा भाग सगळे वाचतात आणि हरकतीचा भाग कुणीच वाचत नाही.

मी वाचला. सवयीने. बँकेत चेक हातात आला की आधी तारीख, मग अंकी रक्कम, मग अक्षरी रक्कम, मग सही. तसं मी एका हातात यंत्रातली चिठ्ठी धरली, दुसऱ्या हातात नोटीस. चिठ्ठी संपली १२.४० ला. नोटिशीवर वेळ होती १२.४९. नऊ मिनिटं.

संध्याकाळी चिरंजीवांना म्हटलं, इथला नियम काढून बघ. त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१५ पासून नियम आहे, की कौन्सिलच्या पार्किंगच्या जागेत पैसे भरलेली वेळ संपल्यावर दहा मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दंड लागत नाही. २०२२ साली नियम नव्याने लिहिले गेले तेव्हाही ही सवलत कायम राहिली. मात्र हे दहा मिनिटांचं दान सरसकट नाही. चिठ्ठीच न घेता गाडी लावली किंवा दुहेरी पिवळ्या रेघेवर उभी केली, तर ते लागू होत नाही. आधी रीतसर लावलेली गाडी असेल तरच.

एवढं सापडल्यावर मला वाटलं, प्रश्न मिटला. पण खरा प्रश्न तिथेच सुरू झाला. सूनबाई म्हणाली, "बाबा, मी पंचवीस पौंड भरून टाकते. मला हा विषय नको." चिरंजीवही तिच्याच बाजूचे. कारण पैसे हे नव्हतंच. पुढच्या वर्षी त्यांचा तिथल्या कायम वास्तव्याचा अर्ज जायचा होता. परक्या देशात सरकारी कचेरीशी वाद घातला, आपल्या नावावर काही नोंद झाली आणि अर्जाला अडचण आली तर? इतकी वर्षं मान खाली घालून राहिलो, आता नऊ मिनिटांसाठी कशाला?

मित्रहो, ही भीती मी हसण्यावारी नेली नाही, तुम्हीही नेऊ नका. तिथे गेलेली आपली मुलं किती गोष्टी मुकाट्याने भरून टाकतात, हे आपल्याला इथे बसून कळत नाही. फोनवर ती आपल्याला फक्त बर्फ दाखवतात. सूनबाई तिथे एका रुग्णालयात काम करते, इंग्रजी माझ्यापेक्षा दहापट चांगलं बोलते, पण त्या पिवळ्या पिशवीसमोर ती गप्प झाली होती. मला पंचवीस पौंडांपेक्षा ते जास्त लागलं.

मग चिरंजीवांनी त्यांच्या अर्जाचं काम बघणाऱ्या वकिलांनाच विचारलं. त्यांचं उत्तर दोन वाक्यांचं होतं. हे दिवाणी देणं आहे, गुन्हा नाही. आणि मुदतीत घेतलेली हरकत म्हणजे थकबाकी नव्हे. नोटीस उशीखाली ठेवून विसरून जाल तर मात्र त्रास आहे. रक्कम आणखी निम्म्याने वाढते, म्हणजे पन्नासाचे पंचाहत्तर होतात, आणि पुढे प्रकरण वसुलीला जातं. तेव्हा एक तर भरा, नाही तर लिहा. गप्प बसू नका.

सूनबाईने रात्री अर्ज लिहिला. दीड पान. मुलगा रडत होता, दुकानात गर्दी होती, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आम्ही नेहमी नियम पाळतो, कृपया या वेळी माफ करावं. सगळं खरं होतं. आमच्या सौ. म्हणाल्या, माझ्या गुडघ्यांचं नाव काढून टाक, परदेशात कशाला सांगायचं! तो मजकूर थोडा आटोपशीर करून, त्यात नऊ मिनिटांचं एक वाक्य घालून आणि चिठ्ठीचा फोटो जोडून सूनबाईने चौदा दिवसांच्या आत ऑनलाइन पाठवला. ही पहिली पायरी, अनौपचारिक हरकतीची.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. भाषा अतिशय सभ्य. "आपली परिस्थिती आम्ही समजू शकतो. तथापि आपल्या चिठ्ठीची मुदत १२.४० वाजता संपली होती व १२.४९ वाजता आमच्या अधिकाऱ्यास आपले वाहन उभे आढळले. सबब दंड कायम ठेवण्यात येत आहे." आणि खाली, आपण पत्राच्या तारखेपासून चौदा दिवसांत भरल्यास अजूनही २५ पौंडच घेऊ, नंतर ५०.

बँकेतल्या लोकांना ही 'एकरकमी तडजोड' लगेच ओळखू येईल. निम्म्यात मिटवा, आज मिटवा. आम्हीही थकबाकीदारांना अशीच पत्रं पाठवत होतो, त्यामुळे त्या सवलतीत किती जोर असतो ते मला माहीत आहे. माणूस बरोबर असला तरी निम्म्या रकमेत सुटका मिळतेय म्हटल्यावर तो बरोबर असण्याचा हट्ट सोडतो. तिथे हजारो लोक नेमकं हेच करतात आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. प्रत्येकाला वेळ आहे, नोकरी आहे.

पण त्या पत्रात मला दोन गोष्टी दिसल्या. एक, १२.४० आणि १२.४९ हे दोन्ही आकडे त्यांनी स्वतःच लिहून दिले होते. म्हणजे आमच्या बाजूचा पुरावा आता त्यांच्याच लेटरहेडवर आला. दुसरी, दहा मिनिटांच्या नियमाबद्दल पत्रात चकार शब्द नव्हता. चेक परत करताना आम्ही सोबत मेमो लावायचो. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, तारीख जुनी. नुसतं 'परत' एवढं लिहून चेक पाठवला असता तर खातेदाराने काउंटरवर येऊन आम्हाला सोललं असतं, आणि योग्यच केलं असतं. या पत्रात गुडघ्यांऐवजी गर्दीला सहानुभूती होती, पण मुद्द्याला उत्तर नव्हतं.

आम्ही पैसे भरले नाहीत. सूनबाई म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच बघा." महिनाभराने 'नोटीस टू ओनर' आली, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला, चिरंजीवांना. इथून दुसरी पायरी, औपचारिक निवेदनाची. मुदत अठ्ठावीस दिवस. त्या फॉर्मवर हरकतीची कारणं छापलेली असतात: उल्लंघन घडलेच नाही, वाहन त्या वेळी माझ्या मालकीचे नव्हते, वाहन माझ्या संमतीवाचून नेले गेले होते, आकारलेली रक्कम नियमापेक्षा जास्त आहे, कौन्सिलने कार्यपद्धती पाळली नाही, अशी. त्याशिवाय 'इतर सबळ कारण' सांगायलाही जागा असते. आम्ही पहिल्यावर खूण केली. निवेदन चिरंजीवांच्या नावाने गेलं, मसुदा माझा. मराठीत सांगायचं तर तो एवढाच होता:

"सोबतच्या चिठ्ठीनुसार १२.४० पर्यंतचे शुल्क भरलेले आहे. आपल्या नोटिशीवर व आपल्या पत्रात वेळ १२.४९ नमूद आहे. फरक ९ मिनिटांचा आहे. भरलेली मुदत संपल्यानंतर १० मिनिटांपर्यंत दंड देय होत नाही, असा इंग्लंडमधील नियम आहे. आमच्या पहिल्या अर्जात हा मुद्दा होता. आपल्या उत्तरात त्याचा उल्लेख नाही. दंड रद्द करावा. न केल्यास हा नियम या प्रकरणी का लागू होत नाही, ते लेखी कळवावे."

बस्स. गर्दी नाही, रडणारा मुलगा नाही. चिठ्ठीची आणि त्यांच्या पत्राची प्रत जोडली आणि पाठवल्याची पोच छापून फाइलला लावली. चिरंजीव हसले, म्हणाले, "बाबा, इथेसुद्धा फाइल?" म्हटलं, फाइल सगळीकडे.

आता कौन्सिलवरही बंधन असतं. औपचारिक निवेदनाला छप्पन्न दिवसांत उत्तर दिलं नाही, तर ते निवेदन मान्य झालं असं धरलं जातं. ही तरतूद वाचून मला आपल्या काही कचेऱ्यांची आठवण झाली, त्याबद्दल आज बोलायला नको. पाचव्या आठवड्यात पत्र आलं. अधिकाऱ्याने काढलेले फोटो व नोंदी पुन्हा तपासल्या, नोटीस रद्द करण्यात येत आहे, काहीही देय नाही. पहिल्या पत्राबद्दल खुलासा नाही, दिलगिरी नाही. मला तिची अपेक्षाही नव्हती. सूनबाईने मात्र ते पत्र चुंबक लावून फ्रीजवर डकवलं, नातवाच्या चित्रांच्या ओळीत.

आमचं प्रकरण तिथे मिटलं, म्हणून तिसरी पायरी मी स्वतः पाहिली नाही. ती पाहिलेले एक गृहस्थ तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत भेटले. कौन्सिलने औपचारिक निवेदनही फेटाळलं तर अठ्ठावीस दिवसांत स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. लंडनसाठी वेगळं, बाकीच्या इंग्लंडसाठी आणि वेल्ससाठी 'ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल'. फी नाही, वकील लागत नाही. निर्णय देणारे कायद्याचे जाणकार असतात, कौन्सिलचे नोकर नसतात. या गृहस्थांनी आईचं औषध आणायला पाच मिनिटं गाडी दुहेरी पिवळ्या रेघेवर लावली होती. दंड ७० पौंड. ते अपिलात गेले, फोनवर सुनावणी झाली. समोरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. औषधाचं विचारलं, आईचं वय विचारलं, जवळ दुसरी जागा होती का ते विचारलं. आणि निकाल विरुद्ध दिला. उल्लंघन घडलं आहे हे तुम्हीच सांगता; केवळ सहानुभूतीपोटी दंड रद्द करण्याचा अधिकार मला कायद्याने नाही. फारच सबळ कारण असेल तर कौन्सिलने फेरविचार करावा अशी शिफारस मी करू शकते, पण जवळच मोकळं वाहनतळ असताना इथे तसं कारण मला दिसत नाही. त्यांना पूर्ण सत्तर भरावे लागले, निम्म्याची सवलत केव्हाच गेली होती.

मी त्यांना विचारलं, पस्तावलात का? ते म्हणाले, पैसे गेले त्याचं वाईट वाटतं, पण माझं ऐकून कुणीतरी मला का हरलो ते सांगितलं. असं कधी झालं नव्हतं.

म्हणून तुमच्या मुलांचा फोन आला तर एवढंच विचारा: हे घडलंच नाही असं म्हणायचंय, की घडलं पण समजून घ्या असं म्हणायचंय? पहिलं असेल तर कागद जमवा आणि शेवटपर्यंत जा. दुसरं असेल तर पहिल्या पायरीवरच मनापासून, थोडक्यात लिहा, कारण दया दाखवायला कौन्सिल मोकळी असते, न्यायाधिकरणाचे हात बांधलेले असतात. ते नाही म्हणाले आणि निम्म्याची सवलत अजून देत असतील, तर भरून मोकळे व्हा.

आता जाता जाता आपल्या घरची गोष्ट. पहिल्या रांगेत पार्किंग समितीचे सदस्य बसले आहेत, त्यांनी रागावू नये. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा आवारात मोजून सात चारचाकी होत्या आणि बाकी स्कूटरी. आज पाहुण्याची गाडी आली की वॉचमन कपाळाला हात लावतो. गेल्या वर्षीपासून समिती काचेवर लाल स्टिकर लावते आणि दंड मेंटेनन्सच्या बिलात येतो. शिस्त हवीच, माझा विरोध नाही. पण त्या स्टिकरवर वेळ नसते, जागेचा नंबर नसतो आणि तक्रार कुणाकडे करायची तेही नसतं. मग सभासद जिन्यात भांडतो, किंवा वॉचमनवर ओरडतो, ज्याचा यात काही संबंध नाही. आपल्या उपविधींतसुद्धा दंड करण्याआधी सभासदाला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं, आणि दंड ठरवायचा तो सर्वसाधारण सभेने. माझी सूचना एवढीच: स्टिकरवर वेळ आणि जागा लिहा, मोबाईलवर एक फोटो काढा आणि 'हरकत असल्यास पंधरा दिवसांत सचिवांकडे लेखी द्यावी, तीस दिवसांत लेखी उत्तर मिळेल' ही ओळ छापा. छपाईचा खर्च मी देतो. (टाळ्या झाल्या, पण त्या बहुतेक शेवटच्या वाक्याला होत्या.)

भाषणानंतर दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरं इथे देतो.

बी विंगमधल्या एका भगिनींनी विचारलं, की लेकीला सुपरमार्केटच्या आवारात नोटीस मिळाली आहे, तिलाही हेच लागू का? नाही. तिथे खाजगी कंपन्याही नोटिसा लावतात, त्यांचीही आद्याक्षरं पीसीएन, पण ती 'पार्किंग चार्ज नोटीस'. तो कायद्याने बसवलेला दंड नसून कराराखालची मागणी असते. न्यायाधिकरणाची वाट तिथे नाही. आधी कंपनीकडे हरकत घ्यायची, मग ती कंपनी ज्या संघटनेची सभासद असेल तिच्या अपील व्यवस्थेकडे जायचं. त्यातली 'पॉप्ला' ही एक. तीही नोटीस दुर्लक्षून चालत नाही, कंपनी दिवाणी न्यायालयात जाऊ शकते. म्हणून पहिल्यांदा कागदावर नाव कुणाचं आहे ते बघावं.

दुसरा प्रश्न भाड्याच्या गाडीचा. फिरायला गेलात आणि भाड्याने घेतलेल्या गाडीवर नोटीस लागली, तर मालक म्हणून पुढची नोटीस भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे जाते. ती कंपनी करारानुसार तुमचं नाव कौन्सिलला कळवते किंवा स्वतः भरून तुमच्या कार्डावरून वसूल करते, वर स्वतःचा आकारही लावते. तेव्हा हरकत घ्यायची असेल तर काचेवरची नोटीस मिळाल्या दिवशीच त्यांना तसं ई-मेलने कळवून ठेवावं. आणि यंत्रातली चिठ्ठी फेकू नये.